मॉरिसची टाकी

पुंजारामला वास येत नाही, हे चांगुणाच्या लक्षात आलं ते दूध करपलं त्या दिवशी. ती नळावर गेली होती आणि तो स्टोव्हकडे पाठ करून दाढी करत बसला होता. कळशी घेऊन परतताना गल्लीच्या तोंडाशीच तिच्या नाकात करपट वास शिरला. घरात पाऊल टाकलं तर पातेलं काळंठिक्कर, आणि नवरा आरशात बघून निवांत गालावरून वस्तरा फिरवतोय.

“अहो, दूध.”

तो दचकला. “अगं, लक्षच नव्हतं माझं.”

तेव्हा तिला ते पटलंही. पण त्याच पावसाळ्यात घरातल्या पत्र्याच्या पेटीमागे उंदीर मरून पडला. चांगुणा माहेरी विंचूरला गेली होती. परत आली तर दारातच तिला उमासा आला, आणि पुंजाराम त्या पेटीला टेकून जेवत होता. तोंडाने पेट्रोल ओढून ओढून नाक गेलं की आदल्या वर्षीच्या मोठ्या तापात, कोण जाणे. गेलं होतं एवढं खरं.

ती बोलली नाही. देवळालीगावच्या रस्त्यावर पुंजारामचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं की पुंजाराम नुसतं नाक लावून इंजिनाचं दुखणं सांगतो. ते खोटंही नव्हतं. क्लच जळतोय, तेल जळतंय, पेट्रोल जास्त जातंय, हे तो पूर्वी बॉनेट उघडायच्या आत सांगायचा. असल्या माणसाला ‘तुमचं नाक गेलं’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याने लपवलं, म्हणून तिनेही झाकलं. गॅरेजच्या मागचीच खोली त्यांचं घर होतं. तो काम करता करता आत यायचा, हातातली चिंधी तिच्यापुढे धरायचा.

“बघ गं चांगुणा, हे रॉकेल हाय का पेट्रोल? अंधारात कळंना.”

भर दुपारीसुद्धा तो अंधाराचं नाव करायचा. ती हुंगायची, सांगायची, तो मान डोलवून जायचा. सात वर्षं हे असं चाललं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसातून दोन-चार वेळा नवरा कामातून उठून आपल्याकडे येतो, याचं तिला आतून बरंही वाटायचं.

गॅरेजला लागूनच भिकाचं वेल्डिंगचं दुकान होतं. भिका तिचा पाठचा भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा लग्नानंतर तिनेच त्याला विंचूरहून इकडे आणला, शाळेत घातला, शाळेत जीव रमेना म्हणून नाशिकच्या भद्रकालीतल्या एका उस्तादाकडे कामाला लावला. आता त्याचं लग्न झालं होतं, लता नावाची नांदगावकडची शांत बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती. पुंजारामला तो दाजी म्हणायचा आणि त्याच्या शब्दाबाहेर नसायचा. ट्रकच्या टाक्या, ट्रॅक्टरचे सायलेन्सर, खिडक्यांचे गज, जे येईल ते जोडायचा. टाकी आली की आधी ती पाण्याने भरायचा, ज्योत लागायची तेवढीच जागा कोरडी ठेवायचा. आत वाफ उरली तर टाकी फुटते, ही उस्तादाची शिकवण होती, आणि भिका ती मोडत नसे.

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात लाम रोडवरून एक गाडी आली. आली म्हणजे बैलांनी ओढून आणली. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यात खोरशेदबाई नावाच्या म्हाताऱ्या पारशीण बाई एकट्या राहत. त्यांच्या भावाची ही मॉरिस. भाऊ वारल्यापासून गाडी बंगल्यामागच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. आता मुंबईचा भाचा ती घेऊन जाणार होता. त्याला जुन्या गाड्यांचा नाद होता आणि मॉरिस ट्रकवर घालून न्यायची नाही, चालवत न्यायची, असा त्याचा हट्ट होता.

खोरशेदबाई मागून टांग्यातून आल्या. काठी टेकत गाडीभोवती फिरल्या.

“पुंजाराम, माझा भाऊ ह्या गाडीला रोज पुसत होता. मला एकदा तिचा आवाज ऐकायचाय. मग भाचा नेऊ दे. रविवारी येतो तो.”

“इंजिन फिरतंय, बाई,” पुंजाराम म्हणाला. हँडल लावून त्याने ते आधीच बघितलं होतं. “जाम झालेलं नाय. सगळा घोळ पेट्रोलच्या वाटेत असणार. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं उघडावं लागंल.”

“उघड. पण रविवार.”

“होईल.”

त्याने टाकीखालचा बोल्ट सैल केला तेव्हा चांगुणा डबा धरून बसली होती. डब्यात पडलं ते पेट्रोल नव्हतंच. काकवीसारखं तांबडं, चिकट काहीतरी सावकाश उतरलं. त्याचा वास जुन्या सडक्या रंगासारखा होता, पण त्याहून घाण. चांगुणाने नाकाला पदर लावला. भिका शेजारून बघायला आला होता, तो खोकत मागे सरला. पुंजाराम मात्र टाकीच्या तोंडाशी वाकून, चेहऱ्याची सुरकुती न हलवता आत डोकावत होता.

“दाजी, तुमचं नाक लोखंडाचं हाय,” भिका म्हणाला.

पुंजाराम हसला. चांगुणाही हसली आणि डब्याकडे बघायला लागली. तिथे, त्या क्षणी, सहज म्हणता आलं असतं. पुढे कितीदा तरी तिने तो क्षण मनात परत आणला.

आठवडाभर तेच काम चाललं. कार्बोरेटर खोलला तर आत लाखेचा थर बसलेला. पितळी जेटची बारीक भोकं बुजून गेलेली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई जागेवर चिकटलेली. पुंजाराम सुटा भाग तिच्या हातात द्यायचा आणि ती तो थिनरच्या वाडग्यात भिजवून, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायची. भोकातून उजेड दिसला की त्याला दाखवायची. टाकीकडून येणारी तांब्याची नळी त्याने सोडवली, एका टोकाला सायकलचा पंप लावून फुंकली, तेव्हा दुसऱ्या टोकातून गोंदासारखी गुठळी बाहेर पडली. पेट्रोल ओढणारा विजेचा पंप होता, त्याचा आतला पडदा कागदासारखा कडक होऊन चिरला होता. तो नवा पडदा मुंबईहून मागवला. पंपाला बॅटरी जोडली तेव्हा तो टक्-टक् वाजायला लागला आणि पुंजाराम त्याला कान लावून पोरासारखा बसून राहिला.

“जिता हाय बघ,” तो तिला म्हणाला.

राहिली टाकी. आतून ती गंजाने सोललेली होती. पुंजारामने आत साखळी टाकली, थोडं ॲसिड ओतलं आणि भिकाने आणि त्याने दोन बाजूंनी धरून ती दिवसभर हलवली. सोड्याच्या पाण्याने धुतली. पुन्हा हलवली. हातबॅटरी मारून आत बघितलं तर पत्रा चांदीसारखा निघाला होता. पण गंज गेला तशी भोकंही उघडी पडली. खालच्या जोडावर चार-पाच ठिकाणी सुईएवढी.

“ती मी उद्या बुजवतो,” भिका म्हणाला. दोन दिवस त्याला सर्दी होती, डोळे पाणावले होते, आवाज बसला होता.

उद्या म्हणजे शनिवार.

शनिवारी सकाळी रेशनवर रॉकेल आल्याचं कळलं. चांगुणा डबा घेऊन निघाली तेव्हा पुंजाराम टाकीत ताजं पेट्रोल ओतून खळबळत होता, आतलं उरलंसुरलं पाणी निघून यावं म्हणून. मग ती उलटी करून त्याने उन्हात ठेवली. ती ते बघत बघतच गेली. भिका पाणी भरेलच, हे तिने गृहीत धरलं होतं. किंबहुना तसं काही मनातही आलं नाही. चूल पेटवताना माणूस काडी ओढेल का, असं कुणी स्वतःला विचारत नाही.

रांग मोठी होती. तिचा नंबर जवळ आला आणि आवाज झाला. तोफखान्याच्या आवाजाची देवळालीला सवय होती, त्यामुळे रांगेतल्या बायकांनी मानही वर केली नाही. चांगुणाने केली. तो आवाज डोंगराकडून आला नव्हता.

ती पोचली तेव्हा गर्दी जमली होती. टाकीचा तळ फाटून छपराच्या पत्र्यात घुसला होता. भिका भिंतीशी पडला होता आणि पुंजाराम त्याच्यावर गोणपाट दाबत होता. गोणपाट जळत होतं, पुंजारामचे पंजे त्यातच होते, आणि तरी तो काढत नव्हता. लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं.

“पाणी,” भिका म्हणत होता. “आक्का, पाणी.”

कॅम्पातल्या कुणाची तरी जीप मिळाली. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तो बोलत होता.

तो लगेच गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं, असं नंतर बयाबाई म्हणाली, आणि ती त्याची आई होती. छाती, गळा, चेहऱ्याची एक बाजू. मच्छरदाणीखाली त्याला उघडाच ठेवला होता. लता उशाशी बसायची, सारखी ओठ ओले करायची त्याचे. बयाबाई विंचूरहून आली आणि वॉर्डाच्या दारातच खाली बसली. मुलाकडे बघायला आत येईना.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबानी घ्यायला आला. पुंजारामच्या दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्या होत्या. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

“टाकीत पाणी भरायचं राहिलं,” भिका म्हणाला. एकेक शब्दाला दम लागत होता. “चूक माझी. कुणाची नाय.”

हवालदाराने विचारलं, “गॅरेजवाल्याने सांगितलं होतं का, तसंच कर म्हणून?”

“नाय. माझंच काम ते. मला कळतं.”

हवालदार गेल्यावर त्याने चांगुणाला खुणेने जवळ बोलावलं. ती वाकली.

“आक्का, दाजींना काय बोलू नको. ते म्हणले, पाणी भरलं तर परत गंज धरंल, एवढी साफ केलीय. मी म्हणलं, माझं नाक बंद हाय, तुम्ही बघा. वास नसंल तर लावतो तशीच. त्यांनी बघितला. चांगला नाक लावून बघितला. वास नव्हता.”

चांगुणाने मान वर केली. पुंजारामने ते ऐकलं होतं. तो खिडकीकडे बघत होता. खिडकीबाहेर कडुलिंबाचं झाड होतं आणि त्यावर काही नव्हतं.

“नाय बोलत,” ती म्हणाली. “तू आता बोलू नको.”

दोन दिवसांनी पहाटे भिका गेला. विहारातली माणसं आली, पांढऱ्या कपड्यांत बायका आल्या, मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली. आसपासची अख्खी कॉलनी दारणा नदीच्या काठी आली. सगळे पुंजारामला जवळ घेत होते. स्वतःचे हात जाळून घेतले मेव्हण्यासाठी, असं एकमेकांना सांगत होते. त्याच्या पट्टी बांधलेल्या हातांना कपाळ लावून एक म्हातारा रडला. पुंजाराम ताठ उभा राहिला. चांगुणा ते बघत राहिली.

घरी आल्यावर त्याला भरवणं तिच्याकडे आलं. पट्ट्या असेपर्यंत त्याला पाण्याचा पेलाही धरता येत नव्हता. रोज दोन वेळा ती त्याच्यासमोर बसायची, भाकरी वरणात कुस्करायची, घास त्याच्या तोंडात घालायची. तो खाली मान घालून गिळायचा. पाचव्या का सहाव्या दिवशी, दुपारच्या जेवणात, घास हातातच धरून ती म्हणाली, “भिकानं तुम्हाला वास बघायला सांगितला.”

“हं.”

“तुम्हाला वास येत नाय.”

त्याचं चावणं थांबलं. बाहेरून एसटी गेली, पत्रे थरथरले, परत शांत झाले.

“तुला कधीपासून माहीत?”

“दूध करपलं तेव्हापास्नं.”

त्याने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. तो जणू काहीतरी मोजत होता आणि उत्तर जुळत नव्हतं.

“मग बोलली का नाय?”

“तुम्हाला वाईट वाटंल म्हणून.”

“मला एकदा जरी म्हणली असतीस,” तो हळू म्हणाला, “तर भिकालाही माहीत असतं. त्यानं मला विचारलंच नसतं.”

“आणि तुम्ही? तुम्ही का नाय म्हणला त्याला?”

“त्याच्यासमोर?” पुंजाराम म्हणाला. “तो मला काय समजायचा, तुला माहीत हाय. मला वाटलं, ऊन लागलंय चांगलं, उडून गेलं असंल पेट्रोल. तू घरी असतीस तर तुझ्यापुढं धरली असती टाकी.”

“मग थांबायचं होतं. तासाभरानं आलेच असते मी.”

“रविवार होता ना दुसऱ्या दिवशी.”

तिच्या हातातला घास गार झाला होता. तिने तो ताटात ठेवला. मग, त्याचं पोट भरलेलं नाही हे आठवून, परत उचलला आणि त्याच्या तोंडात घातला. त्याने तो गिळला. दोघांनाही रडू आलं नाही. ते आलं असतं तर बसता तरी आलं असतं एकमेकांजवळ.

गाडी अजून गॅरेजमध्येच होती, बॉनेट उघडं, मागचा भाग टाकीविना पोकळ. भाचा रविवारी आला होता, गर्दी बघून परत गेला होता. खोरशेदबाई एकदा टांग्यातून येऊन लताला भेटून गेल्या. गाडी तशीच ओढून न्या, असा निरोपही पाठवला. पुंजारामने गॅरेजकडे पाठ फिरवली होती. पण चांगुणाला मागच्या खोलीतून उठता-बसता ती मॉरिस दिसायची.

“ती चालवूनच द्यायची,” एके दिवशी ती म्हणाली. “भिकाचा हात लागलाय तिला. अशी अर्धी ओढून न्यायची नाय कुणी.”

“माझे हात बघ.”

“माझे हायेत.”

नवी टाकी तिने भद्रकालीतल्या पत्र्याच्या कारागिराकडून करून आणली, जुन्या मापाची, रिव्हेट मारून कथलाने झाळलेली. बाकीचं तिने बसवलं. पुंजाराम स्टुलावर बसून सांगायचा: आधी ही चकती, मग ती जाळी, तो नट पूर्ण आवळू नको, पितळ हाय, आटे जातील. कामापुरतंच बोलणं. कार्बोरेटरचा फ्लोट बसवताना तिची पकड सारखी निसटत होती. त्याने उठून आपला पट्टीचा हात तिच्या मनगटाखाली आधाराला धरला. काम झालं तसा काढून घेतला.

चावी फिरवल्यावर पंप टकटकायला लागला, पेट्रोल पुढे सरकलं, आणि काही वेळाने टकटक थांबली. म्हणजे कार्बोरेटर भरला. चांगुणा टाकीपासून बॉनेटपर्यंत प्रत्येक जोडाला नाक लावत गेली. मधल्या एका जोडाशी थांबली.

“इथं येतोय.”

पुंजारामने मान हलवली. तिने नट आणखी आवळला, पुसला, परत हुंगला. मग हँडल मारलं. चौथ्या का पाचव्या झटक्याला इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि चालू झालं. सुरुवातीला अडखळत, मग एका लयीत.

खोरशेदबाईंना बोलावलं होतं. त्या गाडीत मागे जाऊन बसल्या, डोळे मिटले, इंजिन बंद करायला सांगेपर्यंत बसून राहिल्या. उतरताना चांगुणाला म्हणाल्या, “ह्या आवाजासाठी तुझा भाऊ गेला.”

“आवाजासाठी नाय गेला, बाई,” चांगुणा म्हणाली. बाईंना वाटलं, ती समजूत घालतेय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भाच्याने गाडी नेली त्या दिवशी संध्याकाळी चांगुणा लताकडे गेली. पुंजारामला तिने सोबत यायला सांगितलं होतं. तो चप्पल घालून दारापर्यंत आला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. “तू जा,” म्हणाला. “माझ्यानं व्हणार नाय.” ती थांबली नाही.

लता मुलीला थोपटत होती. बयाबाई भिंतीशी होती. चांगुणाने सगळं सांगितलं. दूध, उंदीर, चिंध्या हुंगणं, टाकी, भिकाचे शब्द. स्वतःला वगळून काही सांगितलं नाही.

लताने मुलीला थोपटणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “दाजींना वास येत नाय, हे ह्यांना माहीत असतं, तर ह्यांनी पाणी भरलं असतं?”

“भरलं असतं.”

“आणि तुम्ही रोज ह्यांना जेवायला वाढायच्या. भाऊबीजेला ओवाळायच्या.”

“वाढायचे,” चांगुणा म्हणाली. “ओवाळायचे.”

“ह्यांनी मरताना दाजींना सोडवलं,” लता म्हणाली. “मी नाय सोडवणार. तुम्हाला पण नाय.” आवाज चढलेला नव्हता. पोर झोपलेलं होतं.

बयाबाई भिंतीशी बसूनच म्हणाली, “तू सांगायला नको व्हतं, चांगुणा. एक तरी राहिली असतीस मला.”

महिन्याच्या आत लता मुलीला घेऊन नांदगावला भावाकडे निघून गेली. बयाबाई विंचूरला परतली आणि पुढची तीन वर्षं, मरेपर्यंत, लेकीच्या घरचं पाणी प्यायली नाही. लताने कॉलनीत कुणाला काही सांगितलं नाही. त्यामुळे लोक पुंजारामला मेव्हण्यासाठी हात जाळून घेणारा माणूसच समजत राहिले, आणि ते ऐकून घेणं त्याच्या नशिबी आलं. हातांची बोटं पूर्वीसारखी वळेनात. वळली असती तरी त्याने गॅरेज चालवलं नसतं. पत्रे आणि हत्यारं विकून टाकली, आणि एका तेलगिरणीत तो रखवालदार म्हणून लागला. चांगुणा एका वसतिगृहात मुलांचा स्वयंपाक करायला जायची. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकमेकांची औषधं आणायचे, ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचे. मात्र त्याने नंतर कधी काही तिच्यापुढे धरून ‘बघ गं’ म्हटलं नाही.

पंच्याऐंशी साली एका लग्नासाठी चांगुणा नांदगावला गेली. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ओळीत तिला लता दिसली, आणि तिच्या बोटाला धरून शाळेच्या निळ्या फ्रॉकमधली मुलगी. चांगुणा चुकवून जाणार होती, पण लताची नजर तिच्यावर पडली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मागून हातगाडीवाला ओरडत होता, बाजूला व्हा म्हणून.

“ही तुझी आत्या,” लता मुलीला म्हणाली. “देवळालीगावची.”

मुलगी बघत राहिली. चांगुणाने हात पुढे केला आणि मुलीच्या गालापर्यंत नेऊन थांबवला, लताकडे बघितलं. लताने ना हो म्हटलं, ना नाही. तेवढ्यात हातगाडी आली, गर्दी हलली, आणि लता मुलीला घेऊन पुढे निघाली. चौकाशी जाईपर्यंत मुलीने दोनदा मागे वळून बघितलं. लता वळली नाही.

घरी आल्यावर तिने पुंजारामला सांगितलं. तो ड्युटीवर निघायच्या तयारीत होता, खाकी शर्टाची बटणं लावता लावता थांबला.

“कुणासारखी दिसती?”

“कपाळ भिकाचं हाय. बाकी आईवर गेलीय.”

त्याने उरलेली बटणं लावली. वाकड्या बोटांनी त्याला वेळ लागायचा, आणि तिने मदत केलेली त्याला चालायची नाही. मग डबा उचलून तो गिरणीकडे निघून गेला.